तुटेपर्यंत तपासणी

"बुधवार संध्याकाळ! बुधवारी संध्याकाळी प्रमाणपत्रं तयार, ताई! आणि अशी, की त्या साहेबांनी भिंग लावून वाचली तरी बोट ठेवायला जागा सापडणार नाही!"

वहिनी हे बोलून गेल्या आणि स्वतःच दचकल्या. एवढं मोठं वाक्य त्या घरात सहसा बोलत नसत. गेली बारा वर्षं त्या दोर तपासायच्या प्रयोगशाळेत होत्या. लिफ्टचे दोर, गिर्यारोहकांचे दोर, जहाजं बांधून ठेवायचे दोर, सगळे तिथे येत आणि वहिनी ते यंत्रात अडकवून ताणत बसत. अशा ठिकाणी बोलायचं काम दोरच करतात. तेही एकदाच, शेवटी, फाटकन!

पण समोर नणंद बसली होती, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिने वहिनींकडे काहीतरी मागितलं होतं. नऊ वर्षं दोघी एकमेकींना अहो-जाहो करत होत्या. भांडण नव्हतं हो! भांडायलासुद्धा थोडी ओळख लागते. इथे सगळा कारभार दोन कचेऱ्यांमधल्या पत्रव्यवहारासारखा होता. आपलं पत्र मिळालं, आभारी आहोत.

नणंदेने दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून रानाच्या कडेला एक जागा मिळवली होती. तिथे शाळेतल्या मुलांची शिबिरं भरवायची आणि त्यांना शिकवायचं, की रानात वाट चुकली, जवळ काही नाही, तर सालीचा दोर कसा वळायचा, दगडाचं पातं कसं काढायचं, लाकडावर लाकूड घासून विस्तव कसा करायचा. कल्पना छान होती. फक्त वनकचेरीचे सुरक्षा अधिकारी दोनदा येऊन दोनदा "नाही" म्हणून गेले होते. तिसऱ्यांदा नाही म्हणाले की जागा परत जाणार, आणि नणंद पुन्हा त्याच जुन्या टेबलामागे, त्याच जुन्या खडूस बाईंच्या हाताखाली!

"या वेळी ते म्हणतात, मुलांच्या हातात जी वस्तू देणार तिचं तपासणी प्रमाणपत्र दाखवा," नणंद म्हणाली. "मी विचारलं, साहेब, दगडाचं प्रमाणपत्र कोण देतं? तर म्हणाले, ते तुमचं तुम्ही बघा."

"मी देते!" वहिनी म्हणाल्या.

नणंदेने गाठोडं सोडलं. सालीच्या धाग्यांचा वळलेला लांबलचक दोर. लाकडी मुठीत राळेने घट्ट बसवलेलं दगडी पातं. हाडाची सुई, नेढ्यासकट. सालीचं पाणी भरायचं भांडं. आणि विस्तव करायचा संच, म्हणजे एक खाच पाडलेली फळी, तिच्यावर फिरवायची काठी आणि ती फिरवायला छोटंसं धनुष्य.

"चार महिने लागले," नणंद म्हणाली. बाळाचं वय सांगावं तसं म्हणाली.

वहिनींनी मान डोलावली आणि मनात नोंद केली. नमुने, पाच.

आता इथे प्रयोगशाळेतली एक रीत सांगायला हवी. तिथे आलेली वस्तू परत जात नाही. मैलभर दोरातला हातभर तुकडा कापून येतो. तो तुटेपर्यंत ताणायचा, आकडा लिहायचा, तुकडे पाकिटात घालायचे. उरलेला दोर तिकडे जहाजावर सुखात असतो. रक्त तपासणारा माणूस बाटलीकडे बघून "उरलेला माणूस कुठे आहे?" असं विचारत नाही. वहिनींनीही विचारलं नाही.

तीन दिवस त्यांनी जीव ओतून काम केलं. दोराचे चौदा समान भाग केले आणि एकेक करून तोडले. सरासरी एकेचाळीस किलो! हाताने वळलेला, सालीचा, आणि एकेचाळीस! वहिनींनी मनातल्या मनात नणंदेला सलाम ठोकला. सुई वाकवत नेली, ती बरीच वाकली आणि मग टक् करून मोडली. पात्यावर वजन सोडलं, तिसऱ्या वेळी तीन तुकडे. भांड्यात पाणी भरून फुटेपर्यंत दाब दिला. विस्तवाचा संच मोटारीला जोडला. दोन मिनिटांत धूर, चार मिनिटांत ज्वाळा, सहाव्या मिनिटाला फळीची राख. वहिनींनी अहवालात सुवाच्य अक्षरात लिहिलं, "निष्कर्ष: वस्तू पेट घेते."

बुधवारी चार वाजता शेवटचं पाकीट बंद झालं आणि फोन वाजला.

"वहिनी, झालं का?"

"झालं! काय सुंदर दोर आहे हो तुमचा! एकेचाळीस किलो—"

"अय्या! खरंच? मग शुक्रवारी येताना गाठोडं जिवापाड सांभाळून आणा हं. साहेब त्याच वस्तूंनी प्रात्यक्षिक बघणार आहेत. माझ्याकडे दुसरा संच नाही. त्या सुईची सहा नेढी मोडली, तेव्हा कुठे सातवं जमलं!"

वहिनींनी समोर बघितलं. पाच पाकिटं ओळीने उभी होती. पहिल्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, "दोर. तुकडे अठ्ठावीस."

"वहिनी? ऐकताय ना?"

"हो."

"सांभाळून आणाल ना?"

"सांभाळून," वहिनी म्हणाल्या, आणि फोन ठेवून शेजारच्या टेबलावरचं कुणाचंतरी पाणी पिऊन टाकलं. बारा वर्षांत हजारो दोर तुटले, पण त्यांची पापणी कधी लवली नव्हती. आता त्यांनी दोन्ही डोळे गच्च मिटले. उघडले. पाकिटं तिथेच होती.

घरी नवरा वर्तमानपत्र वाचत होता.

"अहो, मी तुमच्या बहिणीचा संच तोडला."

"अरेरे. कुठे तुटला?"

"सगळीकडे."

"मग चिकटवून टाक."

"एकाची राख झालीय."

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "सांगून टाक तिला. आत्ता. फोन लाव."

"सांगणारच आहे! आधी नवीन करते, मग सांगते. उद्या सुट्टी काढलीय. आपण एक दिवस आधीच जाऊ."

"तुला येतं करायला?"

"मी सगळे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेत."

"अगं, पोहणाऱ्याचा फोटो बघून पोहता येतं का?"

"तुम्ही फक्त एक करा," वहिनी म्हणाल्या. "तिथे तोंड उघडू नका!"

ही सूचना आवश्यक होती. नवऱ्याच्या पोटात गुपित म्हणजे चाळणीत पाणी. पण नवराही आपली मर्यादा ओळखून होता. थोडं बोललं की सगळं बाहेर येतं हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने अजिबातच न बोलायचं ठरवलं.

गुरुवारी सकाळी दोघं रानाच्या कडेला पोचली तेव्हा नणंद शेडसमोरचं अंगण झाडत होती.

"अरे! आज कसे? दादा, काय म्हणतोस?"

दादा काही म्हणाला नाही. त्याने झाडांकडे बघितलं.

"दादा, चहा घेणार?"

दादाने मान हलवली.

"वाटेत काही त्रास?"

दादा झाडांकडेच बघत राहिला. नणंदेने झाडू टेकवला आणि वहिनींना हळूच बाजूला घेतलं.

"भांडण झालंय का तुमचं?"

खरं सांगायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. वहिनींनी तोंड उघडलं. आतून आवाज आला, "थोडंसं."

"वाटलंच मला! लहानपणीसुद्धा चिडला की असाच झाडांकडे बघायचा. काळजी करू नका. मी तुमच्या बाजूने आहे!" तिने वहिनींचा हात दाबला. "आणि गाठोडं कुठंय?"

"सीलबंद आहे," वहिनी म्हणाल्या. "नियम आहे तसा. साहेबांसमोरच उघडायचं."

असा कुठलाही नियम नव्हता! ज्या बाईने बारा वर्षांत दशांश चिन्हानंतरचा आकडासुद्धा कधी इकडचा तिकडे केला नव्हता, तिने उभ्या उभ्या एक अख्खा नियम बनवला होता. वहिनी "जरा फिरून येते" म्हणाल्या आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसल्या.

नवऱ्याने साल सोलून आणून दिली. वहिनींनी आतले धागे काढले, दोन पेड घेतले, पिळले, एकमेकांवर गुंडाळले आणि सोडले. दोर क्षणभर थांबला, मग गांडुळासारखा आळस देऊन पूर्ण उलगडला. पुन्हा पिळला, पुन्हा उलगडला. सहाव्या वेळी वहिनींनी दोर बाजूला ठेवून दगड घेतला. कडेचा कोन नव्वद अंशांहून कमी हवा, म्हणजे घाव घातल्यावर पातळ पापुद्रा सुटतो, हे त्यांना ठाऊक होतं. कोन त्यांनी नेमका साधला. फक्त घाव अंगठ्यावर बसला.

नवऱ्याने न बोलता रुमाल पुढे केला.

"बोला ना आता! इथे कोण आहे ऐकायला?"

"लागलं का?"

"हो!"

"मी मनात तेच म्हणत होतो."

"वहिनी?"

टाकीच्या कोपऱ्यावर नणंद उभी होती. तिने वहिनींच्या मांडीवरचा सालीचा गुंता बघितला, अंगठ्याला गुंडाळलेला रुमाल बघितला, भोवती पडलेल्या दगडांच्या कपच्या बघितल्या.

नणंदेचे डोळे भरून आले.

"तुम्ही हे शिकताय? लपून?" ती खाली बसली. "मला सांगायचं नाही का? नऊ वर्षं मला वाटत होतं, वहिनींना माझं हे सगळं खुळेपण वाटतं. आण इकडे. अशी नाही गं, वेडी आहेस! दोन्ही पेड एकाच दिशेने पीळ, पुढे, असे मांडीवरून लोटत. आता एकमेकांवर उलट्या दिशेने गुंडाळ. बघ, दोघांना उलगडायचंय, पण एकमेकांमुळे उलगडता येत नाही. मग धरून राहतात."

नऊ वर्षांचं "तुम्ही" गेलं होतं आणि नणंदेला ते गेल्याचा पत्ताही नव्हता. वहिनींच्या लक्षात मात्र आलं. आता सांगायचं म्हणजे हे सगळं तोडायचं. त्या दोर वळत राहिल्या. नवरा झाडांकडे बघत राहिला.

"आणि ऐक!" नणंद टाळी वाजवून म्हणाली. "उद्याचं प्रात्यक्षिक तूच कर! प्रयोगशाळेतली बाई एका दिवसात शिकली, यापेक्षा साहेबांना आणखी काय पुरावा हवा? माझी अवजारं आणि तुझे हात!"

वहिनींच्या हातातला पेड सुटला.

संध्याकाळपर्यंत पाच वस्तू तयार झाल्या. दोर होता, पण मधूनच जाड आणि मधूनच असून नसल्यासारखा. पातं मुठीत बसवलं होतं आणि ते पडायची वाट बघत होतं. सुईला नेढं होतं, किंबहुना नेढंच होतं, त्याच्याभोवती हाड जेमतेम उरलं होतं. भांड्याकडे बघून ते भांडं आहे हे ओळखायला आधी सांगावं लागत होतं. विस्तवाच्या संचातली काठी धनुष्यापेक्षा वाकडी होती. वहिनींनी सगळं रुमालात बांधून पिशवीच्या तळाशी ठेवलं.

शुक्रवारी बरोबर अकराला सुरक्षा अधिकारी आले. सडपातळ, थकलेला माणूस. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी ती हलवून बघितली.

"या खुर्चीचा एक पाय आखूड आहे," ते म्हणाले. "लिहून घेतो. बाई, मुलाला नुसतं खरचटलं ना, तरी मला बारा पानी अहवाल लिहावा लागतो. अकरा वर्षं लिहितोय. रात्री झोप लागत नाही. प्रमाणपत्रं?"

"आमच्या वहिनी घेऊन आल्यात!" नणंद अभिमानाने म्हणाली. "सीलबंद! तुमच्यासमोरच उघडायचं असा नियम आहे."

"असा नियम आहे?" अधिकारी चमकले. "मला माहीत नव्हता. चांगला नियम आहे. लिहून घेतो."

वहिनींनी अहवाल आणि पाकिटं टेबलावर ठेवली. अधिकाऱ्यांनी त्यांच्यासमोरचा पाण्याचा पेला काळजीपूर्वक दूर सरकवला. मग त्यांनी पहिलं पाकीट फोडून पालथं केलं.

दोराचे अठ्ठावीस तुकडे टेबलावर पसरले. एक घरंगळत नणंदेच्या पायाशी गेला.

नणंदेने तुकडा उचलला आणि उजेडात धरला.

"हा माझा दोर आहे," ती हळू आवाजात म्हणाली.

"हो," वहिनी म्हणाल्या. "ताई, मी तपासला. आमच्याकडे तुटेपर्यंत तपासतात. मला वाटलं आणखी असेल. मी विचारायला हवं होतं. मग फोनवर सांगायला हवं होतं. काल दिवसभर सांगायला हवं होतं. सुईसुद्धा मोडली. पातंसुद्धा. फळीची राख आहे, ती पाचव्या पाकिटात आहे, तिचं वजन मी लिहून ठेवलंय."

"राखेचं वजन."

"हो."

"तुम्ही," नणंद म्हणाली, आणि तो "तुम्ही" इतका थंड होता की वहिनींना शाल घ्यावीशी वाटली, "तुम्ही काल माझ्याकडून दोर वळायला शिकलात. माझा दोर तोडून."

"मी बोलू का आता?" नवऱ्याने विचारलं.

"नको!" दोघी एकदम म्हणाल्या.

अधिकारी मात्र अहवालात गढून गेले होते. पानं उलटता उलटता त्यांचा चेहरा उतरत चालला.

"एकेचाळीस किलो?" ते म्हणाले. "म्हणजे या दोराला अख्खं मूल लटकू शकतं! पात्याची धार... अरे बापरे. आणि हे काय? दोन मिनिटांत धूर, चार मिनिटांत ज्वाळा? रानात? मुलांच्या हातात?" त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "बाई, ही अवजारं शाबूत असती ना, तर मी या क्षणी नकार लिहून निघून गेलो असतो!"

नणंदेचा चेहरा पांढरा पडला.

"पण ही शाबूत नाहीत," अधिकारी म्हणाले. "मग मुलांना देणार काय?"

वहिनींनी पिशवीच्या तळातून रुमाल काढला. सगळं गमावलं होतंच, आता हे लपवून काय होणार होतं? त्यांनी पाच वस्तू मांडल्या. नणंदेने त्यांच्याकडे बघितलं आणि तोंडावर हात धरला.

"यांची प्रमाणपत्रं?"

"नाहीत. तपासलेली नाहीत."

"का?"

"तपासली की उरणार नाहीत."

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "म्हणजे तपासलेली वापरता येत नाहीत आणि वापरता येण्यासारखी तपासलेली नाहीत."

"हो," वहिनी म्हणाल्या. "असंच आहे."

"मग इथेच तपासा. माझ्यासमोर."

वहिनींनी दोर खुंटीला बांधला. अधिकाऱ्यांनी आपली कागदांची पिशवी त्याला अडकवली. पिशवी पळभर लटकली आणि धपकन खाली आली.

"दोन किलो," वहिनी सवयीने म्हणाल्या, आणि जीभ चावली.

सुई कापडात शिरली आणि तिथेच मोडली. पात्याने सफरचंद कापायचा प्रयत्न केला, सफरचंदाला कळलंही नाही, मूठ मात्र सुटली. भांड्यात पाणी ओतलं आणि सगळ्यांनी पाय वर घेतले. मग वहिनींनी धनुष्य घेतलं आणि काठी फिरवायला सुरुवात केली. पाच मिनिटं झाली. दहा. वीस. धुराचा पत्ता नाही. नवऱ्याने वर्तमानपत्राने वारा घातला. अर्ध्या तासाने अधिकाऱ्यांनी वाकून फळीला हात लावला.

"गार आहे," ते म्हणाले.

तापल्या होत्या त्या एकट्या वहिनी! केस विस्कटलेले, अंगठ्याला रुमाल, डोळ्यांत पाणी. त्या नणंदेकडे वळल्या. "ताई, जागा गेली. माझ्यामुळे गेली. मी—"

"थांबा," अधिकारी म्हणाले.

त्यांचा आवाज बदलला होता. त्यांनी मोडकी सुई उचलली, निसटलेली मूठ उचलली, तुटका दोर बोटाला गुंडाळला आणि हलकेच ओढला. तो पुन्हा तुटला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू शांतता पसरली.

"याला कुणी लटकणार नाही," ते पुटपुटले. "याने कुणाचं बोट कापणार नाही. याने काहीही पेटणार नाही. अकरा वर्षं मी असंच काहीतरी शोधत होतो!"

आणि ते लिहू लागले! "अवजारे प्रत्यक्ष तपासली. इजा होण्याची शक्यता आढळली नाही. परवानगी मंजूर."

"मंजूर?" नणंद किंचाळली.

"एका अटीवर. शिबिरातर्फे मुलांच्या हाती दिलेलं प्रत्येक अवजार याच दर्जाचं असावं. याच हातांनी बनवलेलं."

"पण साहेब, हा नमुना तर मोडला," वहिनी म्हणाल्या. सवय जात नाही.

"नमुना मोडला, करणारी शाबूत आहे," अधिकाऱ्यांनी शिक्का मारला. "मी दर महिन्याला येऊन तपासेन."

ते गेले. नणंद मंजुरीच्या कागदाकडे बघत राहिली, मग अठ्ठावीस तुकड्यांकडे, मग वहिनींकडे.

"चार महिने, वहिनी."

"हो."

"अठ्ठावीस?"

"चौदा नमुने, प्रत्येकी दोन—"

"गप्प बस!" नणंद म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. ते हसू एवढं वाढलं की तिला आखूड पायाच्या खुर्चीवर बसावं लागलं आणि ती खुर्चीसकट कलली. वहिनींनी तिला धरलं.

"आमचं भांडण झालंच नव्हतं!" नवरा एका दमात ओरडला.

तेव्हापासून दर शनिवारी वहिनी रानात जातात. नणंद चौदा मुलांना शेडमध्ये उत्तम दोर वळायला शिकवते, आणि साहेबांना दाखवायचा, मुलांच्या हातात द्यायचा दोर वहिनी टाकीमागे बसून वळतात. त्यांचं घरकाम, नोकरी, झोप, सगळं ठीक आहे. काळजी आहे ती एकच. पहिल्या शनिवारचा दोर दोन किलोला तुटला. पुढच्या शनिवारी साडेतीन. गेल्या शनिवारी त्यांनी डोळे बांधून वळला, डाव्या हाताने वळला, मुद्दाम गप्पा मारत वळला.

साडेसहा!

साहेब सोमवारी येणार आहेत.